थंडीत चंदी टाकून देणाऱ्या घोडीचे वजन कसे राखावे?

नागावची वाडी

अलिबाग तालुक्यातील नागाव येथे आमची नारळ-सुपारीची वाडी असून तिच्यातच पाहुण्यांच्या राहण्याची घरगुती सोय आहे. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आम्ही एक कुमैत घोडी आणली. ती आता नऊ वर्षांची आहे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशी सायंकाळी दोन-अडीच तास ती किनाऱ्यावर मुलांना फेऱ्या मारून आणते. एरवी तिला फारसे काम नसते.

कोकणातला पहिला पावसाळा तिने गोठ्यात बऱ्यापैकी काढला आणि दसऱ्यापर्यंत तिचे अंग भरलेले होते. दिवाळीनंतर मात्र ती उतरू लागली. आता तिच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात, पुठ्ठ्यांवरचे मांस ओसरले आहे आणि पाठीचा कणा हाताला लागतो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, म्हणून सकाळ-संध्याकाळ मिळून मी तिला तीन किलो गव्हाचा कोंडा, दीड किलो भिजवलेले हरभरे आणि थोडा गूळ देतो. भाताचा पेंढा दिवसभर समोर असतो आणि वाडीत मिळेल तेवढे हिरवे गवतही घालतो. अडचण अशी की ती गूळ लागलेला कोंडा चाटते, हरभरे ओठांनी बाजूला सारते आणि पेंढ्यात तोंड घालून, एकदा फुरफुरून मागे सरते. एखाद्या दिवशी तर चंदीला मुळीच तोंड लावत नाही.

शेजाऱ्यांनी सल्ले भरपूर दिले आहेत. एकाच्या मते हा सारा थंडीचा परिणाम असल्याने तिच्या अंगावर झूल घालावी आणि चंदी दुप्पट करावी. दुसऱ्याने गाईंचे पोत्यातले पशुखाद्य सुचवले आहे, तर तिसरा कुंपणावरचा सुबाभळीचा पाला मोफत देण्यास तयार आहे. यांपैकी काय करावे आणि काय करू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

मुरूडचा टांगा

दादा, आमच्या घरी वडिलांच्या काळापासून टांगा आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, आपली घोडी खाण्याच्या बाबतीत नखरे करणारी आहे असे मला वाटत नाही. तिला आपली वैरण ओळखीची नाही. सारंगखेडा तापीकाठी आहे. तिकडची जनावरे ज्वारी-बाजरीच्या कडब्यावर आणि हरभऱ्याच्या भुसावर वाढतात. भाताचा पेंढा तिने इथे येईपर्यंत बहुधा पाहिलाही नसेल. पेंढा खरखरीत असतो, त्याला गोडवा नसतो, आणि आपली गाय जशी तो बसल्या बसल्या रवंथ करून पचवते तसे घोड्याचे होत नाही, कारण घोडा रवंथ करीत नाही.

शिवाय पेंढ्याचा वास घेऊन पाहा. कापणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला आणि भारे ओले असतानाच उडवी रचली गेली, तर वरून पिवळाधमक दिसणारा पेंढा आतून बुरसलेला निघतो. माणसाला तो वास सहज कळत नाही, घोड्याला लगेच कळतो. ती फुरफुरून मागे सरते, असे आपण लिहिले आहे. मी आधी त्या भाऱ्यावरच संशय घेईन. बुरशी लागलेली वैरण पाणी मारून किंवा गूळ लावून खाऊ घालण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यातून पोटदुखी आणि जुनाट खोकला या दोन्ही गोष्टी मागे लागतात. चांगली पण धुळकट वैरण असेल, तर मात्र खायला घालण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडणे हितकारक असते.

घाटावरून येणारा कडबा मिळवा, त्याची कुट्टी करून घ्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू पेंढ्याची जागा तिला द्या. वरकस जमिनीतले डोंगरी गवतही चालते, परंतु ते केव्हा कापले आहे हे विचारून घ्यावे. फुलोऱ्यात कापलेले गवत घोडा आवडीने खातो. बी झडून गेल्यावर कापलेल्या गवतात काडीच उरते. आपल्याकडे मजूर भातकापणीत अडकलेले असल्यामुळे गवत बहुतेक वेळा उशिराच कापले जाते, हे खरे दुखणे आहे. हरळी मिळाली तर तिच्यासारखे दुसरे गवत नाही.

चंदीसाठी आम्ही हरभऱ्यापेक्षा कुळीथ पसंत करतो. ते फुटेपर्यंत शिजवून, कोमट झाल्यावर, चिमूटभर मीठ घालून तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, द्यावेत. कच्चे देऊ नयेत. आणि तोबरा रोज धुवावा. कालच्या चंदीचा आंबूस वास असलेल्या तोबऱ्यात आमचा घोडा आजही तोंड घालत नाही, त्यात त्याचा दोष आहे असे मी मानत नाही.

पशुवैद्य, दापोली

मुरूडच्या काकांनी वैरणीचा मुद्दा योग्य मांडला आहे. तरीही चंदी बदलण्यापूर्वी घोडी आजारी नाही याची खात्री करून घ्यावी, कारण दिवाळीनंतर अंग उतरणे हे कोकणात पावसाळ्याने मागे ठेवलेल्या रोगांचेही लक्षण असते.

सर्वांत आधी सर्रा या रोगाचा विचार करावा. हा रक्तातील एका परोपजीवीमुळे होतो आणि गोमाश्यांच्या चाव्यातून पसरतो. पावसाळ्यात व त्यानंतर त्याचे प्रमाण वाढते. यात ताप येतो आणि जातो, डोळ्यांच्या आतली त्वचा फिकट पडते, पायांवर व पोटाखाली सूज येते, आणि जनावर खात असले तरी झिजत जाते. आपली घोडी एखाद्याच दिवशी चंदीला तोंड लावत नाही, हे वाचून मला ही शंका आली. एक आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजून लिहून ठेवा. घोड्याचे नेहमीचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ततपासणी करून घ्या आणि ती शक्यतो ताप असलेल्या दिवशी करा, कारण एरवी रक्तात परोपजीवी सापडेलच असे नाही. गोचीड असल्यास तेही डॉक्टरांना सांगा.

त्यानंतर दात. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड धारदार होऊन गाल व जीभ सोलवटते. अर्धवट चघळलेले गवताचे बोळे खाली पडत असतील, किंवा लिदेत अख्खे हरभरे दिसत असतील, तर दाढा कानशीने घासून घेण्याची वेळ झाली आहे असे समजावे. ती हरभरे बाजूला सारते, याचे कारण चव नसून वेदना असू शकते. जंतांसाठीही अंदाजाने औषध पाजण्याऐवजी आधी लिदेची तपासणी करावी.

किनाऱ्यावरच्या घोड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. लिदेचे पाच-सहा ताजे गोळे पारदर्शक बरणीत पाण्यात कालवून ठेवा. थोड्या वेळाने तळाशी वाळूचा थर बसला, तर ती वैरणीबरोबर वाळू खात आहे. वाळू आतड्यात साठली की भूक मंदावते आणि पुढे शूल उठतो. वाडीची जमीन पुळणीची असेल, तर वैरण जमिनीवर टाकू नये, गव्हाणीत द्यावी.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्यांविषयी. निरोगी, अंगावर केस असलेला घोडा पाच अंशांच्या आसपासची थंडीही सहन करतो. नागावची पहाट त्या मानाने उबदारच असते, त्यामुळे झुलीने वजन वाढणार नाही. सुबाभळीत मायमोसिन नावाचे द्रव्य असते; ते खाल्ल्याने घोड्याची आयाळ आणि शेपूट झडते. शेळ्यांना चालते म्हणून ते घोड्याला चालत नाही. पोत्यातले पशुखाद्य तर अजिबात देऊ नये. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते, जे गाई-कोंबड्यांना सोसते परंतु घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करून त्याचा जीव घेऊ शकते. रिकाम्या पोत्यातली झाडलोटही चंदीत पडू देऊ नका.

सर्वाधिक काळजी मला कोंड्याची वाटते. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो आणि घोड्याला आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त लागते. त्यातच भाताच्या पेंढ्यातील ऑक्झलेट हे द्रव्य उरलेसुरले कॅल्शियम बांधून ठेवते. अशा आहारावर महिनोन्‌महिने राहिलेला घोडा स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम वापरू लागतो. जबड्याची हाडे फुगतात, दात हलू लागतात, चाल अडखळते. तीन किलो कोंडा ही फारच मोठी मात्रा आहे.

शेवटी एक विनंती. तिचे वजन आणि तिने प्रत्यक्ष खाल्लेली वैरण, या दोन्ही गोष्टी मोजून कळवा. शिंप्याच्या फितीने पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, इतके किलो वजन अंदाजे धरता येते. चंदी आपण किलोंत सांगितली आहे. वैरण मात्र "दिवसभर समोर असते" एवढेच म्हटले आहे.

नागावची वाडी

आपण सर्वांनी सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. घेर १५२ आणि लांबी १३८ सेंटिमीटर भरली. म्हणजे वजन सुमारे २६८ किलो. काल सकाळी पाच किलो पेंढा ताणकाट्यावर तोलून तिच्यापुढे ठेवला आणि आज सकाळी उरलेला पुन्हा तोलला, तो साडेतीन किलो निघाला. अवघा दीड किलो पेंढा तिने चोवीस तासांत खाल्ला, हे पाहून मलाच धक्का बसला. समोर ढीग दिसत असे, म्हणून ती खात असेल असे मी धरून चाललो होतो.

भारा मधोमध फोडून पाहिला. काकांचा संशय खरा निघाला. आत करड्या डागांचा, कुबट पेंढा आहे. बरणीत वाळूचा थर बोटभर नसला तरी स्पष्ट दिसतो.

पशुवैद्य, दापोली

मग दुखणे तोबऱ्यात नसून गव्हाणीत आहे. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. आपल्या घोडीसाठी हा आकडा चार ते साडेपाच किलोंच्या दरम्यान येतो, आणि अंग भरून काढायचे असल्यामुळे वरचा आकडा धरावा. वाडीतले हिरवे गवत बहुतांशी पाणीच असल्याने त्याने ही तूट भरून निघत नाही.

घोड्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहते. ते निवळण्यासाठी लागणारी लाळ केवळ चघळतानाच सुटते. तासन्‌तास चघळायला काही नसले की जठरात व्रण होतात, आणि व्रण झालेला घोडा प्रथम दाणा खाणे सोडतो. चंदी दुप्पट केली असती तर तिने आणखी टाकली असती. किनाऱ्यावर नेण्यापूर्वी तिला थोडी वैरण खाऊ द्या, रिकाम्या पोटी पळवू नका. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो, तेव्हा रात्रीही गव्हाण भरलेली असावी.

गुहागरची सून

आमच्याकडे दोन घोडे आहेत आणि माझे माहेर सांगली जिल्ह्यातले असल्यामुळे दोन्हीकडची वैरण मी हाताळली आहे. त्यावरून दोन गोष्टी सुचवते.

पहिली म्हणजे वाळवलेली लसूणघास. आपल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत आणि इतक्या पावसात ती नीट येत नाही, म्हणून घाटावरूनच मागवावी लागते आणि भाड्यामुळे महाग पडते. तरीही ती घ्यावी, असे माझे ठाम मत आहे, कारण तिच्यात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर असतात आणि कितीही चोखंदळ घोडा ती सोडत नाही. सगळी वैरण तिचीच करू नये. दिवसाला एक-दीड किलो कडब्याच्या कुट्टीत कालवली, तर तिच्या वासाने कुट्टीही संपते. आमच्या थोरल्या घोड्याला मी असेच भाताच्या पेंढ्याकडून कडब्याकडे वळवले होते. हत्ती गवत आपल्याकडे सहज वाढते, पण त्यातही ऑक्झलेट जास्त असल्याने मी ते मुख्य वैरण म्हणून वापरत नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. दाणा न वाढवता अंग भरायचे असेल, तर तेलासारखा सोपा उपाय नाही. दोन चमच्यांपासून सुरुवात करून तीन आठवड्यांत शंभर मिलिलिटरपर्यंत जावे. आम्ही घाण्याचे खोबरेल वापरतो, कारण ते घरचे असते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेलही चालते. लीद पातळ झाली तर मात्रा कमी करावी. घाण्यावरची खोबऱ्याची पेंड ताजी असेल तर मूठभर भिजवून चंदीत मिसळता येते, परंतु ती लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतीच आणावी. शेंगदाण्याची पेंड मी टाळते. दमट हवेत तिला लागणाऱ्या बुरशीचे विष यकृतावर जाते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

काकांच्या कुळथाविषयी माझा थोडा मतभेद आहे. कुळीथ चांगले, पण काम नसलेल्या दिवशी तेवढेच द्यावेत का? आमच्याकडे सोमवारी, म्हणजे पर्यटक परतल्यावर, दाणा निम्मा करून वैरण वाढवतो. भरपूर दाणा खाऊन दोन-तीन दिवस उभा राहिलेला घोडा एकदम कामाला लावला, की त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात. हे आम्ही एकदा पाहिले आहे आणि पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

मुरूडचा टांगा

ताईंचे म्हणणे मान्य आहे. आमचा टांगा रोज चालत असल्यामुळे मला हा विचार करावा लागला नाही. आपल्या घोडीला कामाच्या दिवशी अर्धा किलो कुळीथ, दोन वेळांत विभागून, पुरेसे होतील. उभ्या दिवशी त्याच्या निम्मे.

चौलचा आगर

खाण्याच्या या चर्चेत आमच्या गावची एक आठवण सांगण्याजोगी आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला, तो विकण्यासाठी एक घोडा घेऊन. इथे घोड्यांना हरभरे चारतात आणि साखर व तेल घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे शिजवलेली चंदी आणि तेल या दोन्ही गोष्टी या किनाऱ्याला नव्या नाहीत. साखर मात्र सोडून द्यावी.

पशुवैद्य, दापोली

एक सावधगिरीची सूचना राहिली होती. लसूणघास मिळेपर्यंत कॅल्शियमसाठी खाद्याच्या प्रतीची चुनखडीची भुकटी दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम देता येईल. पानाला लावायचा चुना किंवा शिंपले भाजून केलेला चुना कदापि देऊ नये. तो तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो. मीठ पंचवीस ग्रॅमपर्यंत रोज द्यावे आणि पाणी चाखून पाहावे. किनाऱ्यालगतच्या विहिरी पौषानंतर मचूळ होऊ लागतात, आणि पाणी कमी प्यायलेला घोडा कोरडी वैरणही कमी खातो.

नागावची वाडी

सात आठवडे झाले, म्हणून काय घडले ते कळवतो. ताप एकदाही आला नाही, आणि दोन वेळा केलेल्या रक्ततपासणीत काही निघाले नाही. दाढा मात्र धारदार होत्या. डाव्या गालाला आतून जखम झालेली होती. डॉक्टरांनी दाढा घासल्यानंतर चौथ्या दिवसापासून ती काडी चघळू लागली. लिदेत जंतांची अंडी सापडल्यामुळे त्यांनी वजनानुसार औषध दिले.

बुरसलेला पेंढा वाडीतल्या खतखड्ड्यात टाकला. आता कडब्याची कुट्टी आणि डोंगरी गवत मिळून चार किलो, त्यात दीड किलो वाळलेली लसूणघास, असा चारा लाकडी गव्हाणीत घालतो आणि रात्री निजण्यापूर्वी गव्हाण पुन्हा भरतो. पहिले दहा दिवस तिने लसूणघास तेवढी निवडून खाल्ली व कुट्टी तळाशी ठेवली. कुट्टीवर पाणी शिंपडून दोन्ही नीट कालवल्यावर तिला निवडता येईनासे झाले. तेलाचे शंभर मिलिलिटर होण्यास जवळजवळ महिना लागला, कारण साठाच्या पुढे गेल्यावर तिने दोन दिवस तोबरा नाकारला होता आणि मला एक पायरी मागे यावे लागले.

मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घेर १५६ सेंटिमीटर भरला. वजन अंदाजे २८३ किलो. बरगड्या आता दिसत नाहीत, हात फिरवल्यावर लागतात. पुठ्ठे अजून भरायचे आहेत. बरणीतली वाळू जवळजवळ गेली आहे. कुळीथ ती खाते, परंतु पूर्ण गार झालेले नाही आणि फार गरमही नाही, अशा नेमक्या वेळीच. त्यामुळे आमच्या घरी सकाळचा चहा हल्ली तिच्या तोबऱ्यानंतर होतो. उरलेले कोंड्याचे पोते कोणाला हवे असल्यास घेऊन जावे, गाईंसाठी ते उत्तम आहे.